बोराच्या गरातलं लॉरिक

"तुम्ही डोक्याला खोबरेल लावता ना?" सरांनी विचारलं.

मी हो म्हटलं. लावते तर लावते, त्यात लपवायचं काय? सरांनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि आलेखावरच्या सगळ्यात उंच टोकावर पेनानं फुली मारली.

"मग हे तुमच्या वेणीतून आलंय."

प्रयोगशाळेत आणखी दोघी संशोधक मुली होत्या, माझ्या निम्म्या वयाच्या. एकीनं मान खाली घातली. दुसरीला हसू आवरलं नाही. मी मात्र त्या फुलीकडे बघत राहिले. ते उंच टोक म्हणजे लॉरिक आम्ल होतं. माझ्या बोरांच्या गरातून निघालेल्या तेलातलं लॉरिक. आणि ते मी माझ्या केसांतून आणलंय, असं मला शिकवणारा माणूस चारचौघांत म्हणत होता.

मी निपाणीकडची. लग्न होऊन बेंगळुरात आले, राजाजीनगरात संसार थाटला, एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. मुलगी कॉलेजात गेली तशी मनात राहून गेलेली पीएचडी वर आली. नवरा म्हणाला, "आता कशाला?" मी म्हटलं, "आता नाही तर कधी?" तेवढ्यावर आमचं बोलणं संपलं आणि मी अर्ज केला. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका संस्थेत मार्गदर्शक मिळाले. ते पुण्याचे. निवृत्तीच्या जवळ आलेले, अभ्यासानं पक्के, बोलण्यात काटेकोर. माझ्या तोंडून "स्वल्प थांबा सर" असं निघालं की ते म्हणायचे, "मराठीत 'जरा' असा शब्द आहे." पहिल्या महिन्यात मी ओशाळायचे. नंतर मुद्दाम म्हणायला लागले. आमच्याकडे आम्ही असंच बोलतो, आणि आमचीही ती मराठीच आहे.

विषय मी निवडला होता. बोराचं तेल. आता बोराला कसलं तेल, असं सगळेच म्हणाले. आठळी फोडली की आत जे बारकं चपटं बी असतं, त्यात तेल असतं हे माहीत असलेलं आहे. त्यात ओलिक आणि लिनोलिक ही आम्लं मुख्य, म्हणजे आपल्या शेंगदाण्याच्या नाहीतर करडईच्या तेलात असतात तीच. पण मला गराचं बघायचं होतं. आपण खातो तो गर. त्यात तेल अगदी थोडं असतं, इतकं थोडं की कुणी त्याच्या वाटेला जात नाही. मला वाटायचं, कमी आहे म्हणून ते कसलं आहे हे बघायचंच नाही का? सरांनी आधी नाक मुरडलं, मग म्हणाले, "बी आणि गर दोन्ही करा. बीचं तरी नक्की काहीतरी लिहिता येईल."

इथे बोराला एलची हण्णु म्हणतात. नवीन नवीन असताना मी बाजारात वेलची मागतंय कोण म्हणून वळून बघायचे. संक्रांतीच्या सुमाराला जयनगरच्या बाजारात ढीग लागतात, कारण इकडेही लहान पोरांना पाटावर बसवून डोक्यावरून बोरं आणि उसाचे करवे ओततात. बाकीच्या बायका पसाभर घ्यायच्या आणि मी पिशव्या भरभरून. बोरवाल्या अक्कानं एकदा विचारलं, "घरात किती मुलं आहेत तुझ्या?" मी म्हटलं, "एकच आहे, आणि ती आता बोरं ओतून घेत नाही." अक्का हसली आणि पिशवीत आणखी एक ओंजळ टाकली.

ती बोरं मी घरी गच्चीवर वाळवली. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, माझ्यासोबत बसून गर आणि आठळ्या वेगळ्या करायच्या. आत्यांचं सगळं आयुष्य इथेच गेलेलं. त्यांचं मराठी निम्मं कन्नड आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. खारी यायच्या, त्यांना त्या हातातल्या वर्तमानपत्राची सुरळी दाखवायच्या. वाळलेला गर मी कुटून भुकटी करायचे, ती प्रयोगशाळेत न्यायचे, आणि काचेच्या उभ्या नळकांड्यात घालून हेक्झेन नावाच्या द्रावकात पुन्हा पुन्हा उकळून त्यातलं तेल उतरवायचे. द्रावक उडवून टाकलं की चंबूच्या बुडाशी पिवळंधमक, दाटसर काहीतरी राहायचं. बोटभर नाही, थेंबांत मोजावं इतकं. ते बघून मला व्हायचा तो आनंद घरात कुणाला सांगून कळत नसे. नंतर त्या तेलाची आम्लं सुटी करून, त्यांना हलकं रूप देऊन यंत्रात सोडायची. यंत्र ती एकेक करून ओळखतं आणि कागदावर प्रत्येकाचं एक टोक उभं करतं. टोक जितकं उंच तितकं ते आम्ल जास्त.

त्या आलेखात सगळ्यात उंच लॉरिक होतं. आणि लॉरिक म्हणजे नारळ. तेलांचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही ते दिसलं की पहिल्यांदा खोबरेलच आठवतं. सरांना शंका आली याचा मला राग नव्हता. शंका मलाही आली होती. राग होता तो वेणीचा.

"सर, मी पुन्हा करून बघते," मी म्हटलं.

"करा. पण गर घरी वाळवला होतात ना? स्वयंपाकघरातला तेलाचा हात, गच्चीवरची धूळ, कुठूनही आलं असेल. मी सांगतो ते ऐका. गराचं सोडून द्या. बीचं तेल ठेवा. ते पुस्तकाशी जुळतंय."

"पुस्तकाशी जुळत नाही म्हणून सोडायचं?"

"चुकीचं आहे म्हणून सोडायचं."

"चुकीचं आहे हे अजून कुणी दाखवलेलं नाही, सर."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "पुन्हा करणार असाल तर निदान केस शिकेकाईनं धुऊन या. तेल लावायचं बंद करा काही दिवस."

घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तुझ्या डोक्यातलं तेल उडी मारून त्या बाटलीत गेलं म्हणतोय?"

"तसंच म्हणताहेत."

"मग उद्यापासून जास्त लाव."

मी हसले, पण रात्री जेवताना तेच डोक्यात घोळत होतं आणि जेवण संपेपर्यंत माझं ठरलं. आत्या थट्टेनं बोलल्या, पण त्यात एक पक्की गोष्ट होती. समजा मी तेल लावायचं बंद केलं, आणि लॉरिक पुन्हा आलं. तर सर म्हणतील बोटांतून आलं, साडीतून आलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या गजऱ्यातून आलं. त्याला अंत नाही. पण मी जशी आहे तशीच गेले, तेल लावून, वेणी घालून, आणि बोराशिवाय सगळी कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत केली, तेच द्रावक, तेच चंबू, तेच हात, आणि तरीही लॉरिक आलं नाही, तर? अशा फेरीला आम्ही कोरी फेरी म्हणतो. माझ्या वेणीवर खटला चालवायचाच असेल तर वेणीला हजर ठेवूनच चालवायला हवा.

दुसऱ्या दिवशी मी सरांना हे सांगितलं. "डोक्याला टोपी घालीन, हातमोजे घालीन, तो नियम आहे आणि मी तो आधीही पाळलाय. तेल लावायचं मात्र थांबवणार नाही."

"हा हट्ट आहे."

"हो सर."

कोरी फेरी स्वच्छ आली. लॉरिकच्या जागी सपाट रेघ. मी कागद घेऊन धावतच गेले. सरांनी तो बघितला, परत दिला, म्हणाले, "हा आजचा दिवस. त्या दिवशी काय झालं ते यावरून कळत नाही." आणि खरं सांगायचं तर त्यांचं हे बरोबर होतं. मला ते कबूल करायला जड गेलं, पण बरोबर होतं. करायचं तर सगळं एकाच दिवशी, एकाच हातानं करायला हवं होतं. गर, बी आणि कोरी फेरी, शेजारी शेजारी.

फक्त एकच अडचण होती. बोरं संपली होती.

जयनगरात एलची हण्णु विचारलं तर अक्का म्हणाली, आता पुढच्या वर्षी. गाड्यांवर मोठी सफरचंदासारखी बोरं अजून मिळत होती, तिखटमीठ लावून, पण ती जात वेगळी. मला गावठी, आंबटगोड, आठळीला गर चिकटलेली बोरं हवी होती. मी निपाणीजवळच्या गावी भावाला फोन केला.

"दादा, झाडाखाली काही शिल्लक आहे का?"

"सुकलेली आहेत. पाखरांनी खाऊन टाकलेली."

"फांद्यांवर?"

"वर शेंड्याला असतील. काटे बघितलेस का त्या झाडाचे?"

"दादा, माझी अब्रू आहे त्या शेंड्याला."

त्याला अब्रूचं काय कळलं कोण जाणे, पण दोन दिवसांनी पहाटे बसस्टँडवर गावाकडच्या बसच्या ड्रायव्हरनं माझ्या हातात एक गोणपाटाची पिशवी दिली. आत बोरं होती, काही लाल, काही तपकिरी, सुरकुतलेली. फोन करून आभार मानले तर वहिनीनं घेतला. म्हणाली, "ताई, हात ओरबाडून घेतलेत त्यांनी. परत असली फर्माइश करू नका." पाठीमागून दादा ओरडला, "तिला सांग, कर म्हणून!"

या वेळी बोरं घरी नेलीच नाहीत. बसस्टँडवरून थेट प्रयोगशाळेत. तिथल्याच भट्टीत वाळवली, तिथेच गर सोडवला, आठळ्या फोडून बिया काढल्या. त्या दोन मुलींपैकी जी हसली होती ती आपणहून मदतीला आली. नागपूरची होती, आयटीतल्या नवऱ्यापाठोपाठ इथे आलेली. आठळ्या फोडता फोडता म्हणाली, "मॅम, त्या दिवशी मी हसले, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं."

"सॉरी."

"राहू दे. ती आठळी बघ, बी आख्खं निघालं पाहिजे."

मग एकाच दिवशी तिन्ही फेऱ्या केल्या. केसांना त्या दिवशी आत्यांनी स्वतः तेल लावून दिलं होतं, चांगलं चोळून. माझ्या टोपीखालून त्याचा वास मलाच येत होता. शिवाय मी आणखी एक केलं. घरातल्या त्याच बाटलीतलं खोबरेल थोडं आणलं आणि शेवटी, सगळं आटोपल्यावर, तेही यंत्रात सोडलं.

कोरी फेरी सपाट आली. बियांच्या तेलात ओलिक आणि लिनोलिक, लॉरिकचा मागमूस नाही. आणि गराच्या तेलात लॉरिक पुन्हा उंच उभं. तेच हात, तेच केस, तोच दिवस. माझ्या वेणीतलं तेल गळत असतं तर ते बियांच्या चंबूत न पडता फक्त गराच्याच चंबूत पडायला त्याला काय डोळे होते?

खरी मजा पुढे होती. खोबरेलाचा आलेख मी गराच्या आलेखाशेजारी ठेवला आणि दोन्ही सावकाश वाचले. खोबरेलात लॉरिकच्या मागोमाग मिरिस्टिक आम्ल ठळक उभं असतं, आणि कॅप्रिक लहान असतं. माझ्या बोरांत उलट होतं. कॅप्रिक लॉरिकच्या जवळपास पोचलेलं आणि मिरिस्टिक अगदीच बारीक. आणि पामिटोलिक नावाचं एक आम्ल होतं, जे खोबरेलात जवळजवळ नसतंच. म्हणजे ते नारळाचं तेल नव्हतंच. लॉरिक दोघांत आहे म्हणून दोघं एक होत नाहीत. मला त्या क्षणी बोराचा इतका अभिमान वाटला की बस. काट्यात वाढणारं, फुकटात मिळणारं फळ, आणि त्याच्या गरात स्वतःची अशी वेगळी घडण.

सरांनी सगळे कागद बघितले. शेवटी म्हणाले, "समितीपुढे मांडू नका. अजून एक हंगाम जाऊ द्या."

"मांडणार आहे सर."

"मग मी त्या भागाशी सहमत नाही असं तिथे सांगेन."

"सरी," मी म्हटलं. कन्नडात. बरं, असं.

समितीची बैठक म्हणजे वर्षाच्या कामाचा हिशोब द्यायचा. तीन ज्येष्ठ मंडळी, त्यांत एक बाई बाहेरच्या संस्थेतून आलेल्या. सगळं बोलणं इंग्रजीत. माझं इंग्रजी सरळ रेषेत चालतं, गिरक्या घेत नाही. बियांचा भाग झाला, माना हलल्या. गराचा आलेख पडद्यावर आला आणि सर म्हणाले, "मला नोंदवायचं आहे की माझ्या मते हा भाग नारळाच्या तेलाच्या भेसळीमुळे आलेला आहे. उमेदवाराला मी तसं सांगितलं होतं."

त्या बाहेरच्या बाईंनी मला विचारलं, "यावर तुमचं काय म्हणणं?"

"भेसळ नाही," मी म्हटलं. "आणि का नाही ते दाखवते."

तिन्ही फेऱ्या दाखवल्या. खोबरेलाचा आलेख दाखवला. बाईंनी विचारलं, "हे खोबरेल कुठलं?"

"माझ्या घरचं. मी केसांना लावते तेच. आजही लावलंय."

एक वृद्ध सदस्य खाकरले. बाई हसल्या नाहीत. पुढे वाकून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मिरिस्टिक कुठंय?"

"तेच तर. जवळजवळ नाहीच."

त्यांनी मान डोलावली. मग बराच वेळ त्या मला आडवंतिडवं विचारत राहिल्या. यंत्र कोणतं, ओळख कशावरून पटवली, दुसऱ्या झाडाची बोरं बघितली का. दुसऱ्या झाडाची बघितली नव्हती, आणि मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या हंगामात बघा. वेगवेगळ्या झाडांची, वेगवेगळ्या गावांची. तोवर हा भाग काढू नका." सरांकडे वळून म्हणाल्या, "काढायचं कारण मला दिसत नाही."

सरांनी आपले कागद गोळा केले. जिना उतरताना माझ्या पुढे होते. वळले नाहीत.

त्यांनी मला सोडलंही नाही आणि जवळही केलं नाही. पुढच्या हंगामात मी जयनगरची, गावची, तुमकूरकडची अशी बोरं आणली. गराच्या तेलात लॉरिक प्रत्येक वेळी होतं, कुठे जास्त कुठे कमी. प्रबंध ठरल्यापेक्षा उशिरा झाला, मुलीनं मला मागे टाकून स्वतःची पदवी घेतली आणि मला चिडवत राहिली. सरांनी सह्या केल्या, पानं न उलटता. गराचं प्रकरण आत तसंच होतं, एक ओळही न कापता. "माझी चूक झाली" असं ते कधी म्हणाले नाहीत. मी वाट बघितली नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण न म्हटल्यानं माझं काही अडलंही नाही.

पदवी मिळून बरेच दिवस झाल्यावर त्यांचा फोन आला. आवाज मऊ होता.

"तुमचं ते गराचं काम आठवतंय ना? एक कंपनी आहे, त्वचेची क्रीम करतात. त्यांना बोराच्या तेलात रस आहे. लॉरिक, पामिटोलिक, हे सगळं त्यांना आवडलंय. तुम्ही एक छोटं टिपण द्या. त्वचा उजळते, सुरकुत्या जातात, असं काहीतरी."

"सर, त्वचेवर मी काहीच केलेलं नाही."

"आम्लं तर तीच आहेत ना. त्यांचे गुण माहीत आहेत."

"आणि गरात तेल किती असतं हेही माहीत आहे. पोतंभर बोरं आटवली तर एक बारकी कुपी भरायची नाही. ते क्रीममध्ये काय घालणार? खोबरेल?"

ते हसले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. पण ते म्हणाले, "तुम्ही फार ताणता. नाव होईल तुमचं."

"जे आहे ते आहे म्हणून मी भांडले, सर. जे नाही ते आहे म्हणायला माझ्याकडे येऊ नका."

"विचार करा."

"केला," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा पेपर वाचत होता. "कोण होतं?"

"सर होते. बोराच्या तेलानं सुरकुत्या जातात असं लिहून द्या म्हणत होते."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

त्यानं पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं. "आता कशाला?" असं म्हणणारा तोच माणूस. या वेळी म्हणाला, "बरं केलंस," आणि चहा ठेवायला उठला.